खोली नंबर तेवीस म्हणजे ऑस्ट्रिया

दर्शना घाडीने आमची जिवाजी बिल्डिंग बिल्डरला विकली, हे एका मंगळवारी सकाळी सात वाजता दुधाच्या रांगेत ठरलं. साडेसातला त्या बदल्यात तिला टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आठपर्यंत त्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र दिसायला लागला. आणि नऊला दुसऱ्या मजल्यावरची कमल नळावर सांगत होती, की दर्शनाने म्हणे प्रत्येक खोलीची फाइल बनवलीय. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण कोणाच्या जिवावर उडतो, कोणाला आधी फोडायचं, सगळं खोली नंबरासकट.

यातलं शेवटचं तेवढं अर्धंमुर्धं खरं होतं. पण ती फाइल नव्हती, दोनशे पानी वही होती. आणि बिल्डरचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. वही होती राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची. विषय, जगाचा इतिहास.

आता लालबागच्या एका चाळीचा जगाच्या इतिहासाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. जरा मोठ्या आवाजात विचारलं, एवढंच.

दर्शना माझी शेजारीण. तिची खोली अठरा, माझी सतरा. मधली भिंत इतकी पातळ की तिच्या आईला, आनंदीबाईंना, उचकी लागली तर पाणी मी पितो. दर्शनाचं वय सदतीस पूर्ण. दिवसभर हिंदमाताला साडीच्या दुकानात गादीवर उभी राहून साड्या उलगडते आणि संध्याकाळी घरी येऊन अधिकारी व्हायचा अभ्यास करते. हे तेरा वर्षं चाललंय. दुकानात घडी घालतानाही तिची उजळणी चालू असते. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, ह्या रंगाला काय म्हणतात हो. ही म्हणाली, "प्रशियन निळा. बिस्मार्कच्या गावचा." साडी गेली. बाई जाताना मैत्रिणीला सांगत होती, बिस्मार्क म्हणजे पैठणच्या पुढे कुठेतरी असेल.

परीक्षा चार पर्यायांची होती तेव्हा दर्शनाला तोड नव्हती. उत्तर येत असेल तर बरोबर, येत नसेल तर 'क'. या 'क'च्या जोरावर ती दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. मग आयोगाने पद्धतच बदलली. पर्याय गेले, कोरी पानं आली. कारणमीमांसा करा, चिकित्सा करा, अडीचशे शब्दांत लिहा. आणि त्यात हा नवा पाहुणा, जगाचा इतिहास. वयाच्या अटीप्रमाणे ही तिची शेवटची खेप होती. यानंतर फॉर्मच भरता येणार नव्हता.

भारताचा इतिहास तिला पाठ. जगाचा काही केल्या डोक्यात बसेना. भिंतीपलीकडून मी ऐकायचो. "ऑस्ट्रियाचा राजपुत्र मेला. मग ऑस्ट्रिया सर्बियावर चिडला, ठीक आहे. पण जर्मनीच्या पोटात का दुखलं? आणि रशिया कशाला मधे पडला?" मग पान उलटल्याचा आवाज. मग पुन्हा पहिल्यापासून राजपुत्र मेला. तो राजपुत्र त्या खोलीत तीन महिन्यांत दोनशे वेळा तरी मेला असेल.

आणि एका रविवारी तिला सगळं कळलं. ते गोधडीमुळे.

झालं असं. खोली तेवीसच्या कमलने आईच्या हातची गोधडी धुतली आणि न पिळता दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर टाकली. बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, खोली तेराच्या मनवाने सुपात जवळा वाळत घातला होता. साबणाचं पाणी जवळ्यावर. मनवा लग्न होऊन चाळीत आली त्याला दोनच वर्षं झालीत, पण तोंड वीस वर्षांचं आहे. ती बाहेर आली. वर बघते तर तीन गोधड्या. कोणाची ते ठरेना. मी तिथेच उभा होतो. मी एवढंच म्हटलं, "फुलाफुलांची गळतेय. कमलची तशी आहे वाटतं." केवळ माहिती म्हणून.

मनवाने काठी घेतली आणि खालून ढोसून गोधडी पाडली. गोधडी गेली ती थेट तळमजल्याच्या गटारात.

कमल खाली उतरली आणि तिने मागण्या ठेवल्या. गोधडी तू धुवायची. सगळ्यांसमोर माफी मागायची. या गॅलरीत पुन्हा मासळी वाळवायची नाही. अशा मोजून दहा. मुदत संध्याकाळपर्यंत. मनवाने कधी नव्हे ते नमतं घेतलं, जवळजवळ सगळं मान्य केलं. फक्त एकावर अडली. कमल म्हणाली होती, "मी रोज येऊन तुझी गॅलरी तपासणार." मनवा म्हणाली, "तपासायला ही काय महानगरपालिका आहे?"

झालं. खोली पंचवीसचा दीपक वरून ओरडला, "कमलताई, तुम्ही काय वाटेल ते करा, मी आहे मागे." दीपक म्हणजे व्यायामशाळेत घडलेलं शरीर, आणि ते दाखवायला चाळीत जागा नाही. दर गौरीला कमलकडचं पहिलं ताट त्याच्याकडे जातं. ज्याचं ताट खाल्लं त्याची बाजू घ्यायची, हा आमच्याकडे कायदा आहे. इकडे मनवा देवगडची, आणि खोली पंधराचा रघुही देवगडचा. रघु अवाढव्य माणूस. गाववालीचा आवाज ऐकून तो उठायला लागला, ते पूर्ण उठेपर्यंत वीस मिनिटं गेली, पण उठला तो जवळच्या जिन्यात आडवा उभा राहिला. मग दीपक लांबच्या जिन्याने आला. त्या वाटेवर खोली वीस, आमचे चाळ कमिटीचे अध्यक्ष चिंतामणीकाका. रिटायर्ड हेडक्लार्क. कोपऱ्यातली खोली, गच्चीची चावी यांच्याकडे, कोणाच्या भांडणात कधी पडत नाहीत. दीपकच्या पायाने त्यांची तुळशीची कुंडी फुटली. चिंतामणीकाका चष्मा पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "आता मात्र मला लक्ष घालावं लागेल."

संध्याकाळपर्यंत पाच खोल्या एकमेकांशी बोलेनाशा झाल्या होत्या आणि गोधडी अजून गटारातच होती. ती कोणाला आठवतच नव्हती.

दर्शना जिन्याच्या वरच्या पायरीवर पुस्तक मांडीवर घेऊन हे सगळं बघत होती. बघता बघता तिच्या तोंडावर असं काही तेज आलं की मला वाटलं ऊन लागलं. आत जाऊन आईला म्हणाली, "गे आये, कळला माका."

आनंदीबाई म्हणाल्या, "तुका कळला? माका तर गोधडी कोणाची ताच कळूक नाय."

त्या दिवसापासून तिने ती वही केली. आणि बावीस दिवसांवर परीक्षा आली असताना, सोमवारी कामावर जायच्या घाईत, ती वही गॅलरीतल्या स्टुलावर राहिली. माझ्या दारासमोर. वाऱ्याने पानं फडफडत होती, फाटली असती. म्हणून मी उचलली. उचलली म्हणून उघडली.

"खोली २३. जुनं घराणं, रुबाब मोठा, आतून पोखरलेलं. अपमान पचत नाही." "खोली २५. उशिरा मोठा झाला. ताकद भरपूर, वापरायला जागा नाही. २३ ला कायम फूस." "खोली १३. लहान. इथे धक्का लागला की सगळं कोसळेल." मधे बाण, बाणांवर तारखा. आता सांगा, रीडेव्हलपमेंटच्या नोटिशीची वाट बघत बसलेल्या चाळीतल्या माणसाने हे वाचून काय समजावं? देशांची नावं मागच्या पानावर होती. तिथपर्यंत मी पोचलो नाही, कारण मी माझी खोली शोधत होतो. ती नव्हती. सोळा होती, अठरा होती. सतरा नव्हती. तीस वर्षं शेजारी राहून माणसाला एक ओळ मिळू नये, याचं मला थोडं लागलं, नाही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत मी फक्त एका माणसाला विचारलं, की हल्ली बिल्डर लोक चाळीतल्याच बायकांना कामाला ठेवतात का. प्रश्न विचारणं म्हणजे अफवा नव्हे. आणि वही मी चिंतामणीकाकांकडे सुरक्षित दिली.

संध्याकाळी तळमजल्यावर मीटिंग. दर्शना दुकानातून आली ती पर्ससकट उभी केली. चिंतामणीकाकांनी वही टेबलावर ठेवून वहीवर हात ठेवला, कोर्टात ठेवतात तसा.

"दर्शना, हे अक्षर तुझं?"

"माझंच. द्या ना काका, कालपासून शोधतेय."

"बिल्डरचं नाव सांग आधी," दीपक म्हणाला.

"कुठला बिल्डर? पहिलं महायुद्ध आहे ते. मागचं पान बघा."

मागचं पान उघडलं. तिथे जिवाजी बिल्डिंगचा नकाशा होता आणि खोल्यांत देश भरलेले होते. दर्शनाने सगळं समजावलं. गोधडी म्हणजे राजपुत्र. कमलच्या दहा मागण्या म्हणजे ऑस्ट्रियाचा खलिता, मनवा म्हणजे सर्बिया. दीपक म्हणजे जर्मनी, रघु म्हणजे रशिया, चिंतामणीकाका म्हणजे ब्रिटन, फुटलेली कुंडी म्हणजे बेल्जियम. खोली दहा बंद करून खारघरला राहायला गेलेला अवधूत म्हणजे अमेरिका, कारण तो भांडण संपत आलं की येतो आणि निकाल सांगून जातो.

एकेकाचा चेहरा सैल झाला. बिल्डर गेला. मीटिंग तिथेच संपायची. पण कमल म्हणाली, "मला ऑस्ट्रिया का? पुढे काय झालं त्या ऑस्ट्रियाचं?"

दर्शनाला खोटं बोलता येत नाही. साडीचा रंग जाणार असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगते ती. म्हणाली, "तुकडे झाले."

"किती?"

"बरेच."

"आणि मी?" दीपकने विचारलं.

"तू हरलास."

"हरलो? मी?"

"दोनदा. पण दुसरं महायुद्ध वेगळ्या वहीत आहे."

रघु संथपणे म्हणाला, "माका काय झाला?"

"तुझ्याकडे मधेच घरातच क्रांती झाली. तू युद्ध सोडून परत गेलास."

रघुची बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "ह्या मात्र खरा."

पाच मिनिटांपूर्वी दर्शना बिल्डरची माणूस होती म्हणून चिडलेली चाळ आता आपापले देश हरले म्हणून चिडली. खूश एकटे चिंतामणीकाका. ब्रिटन म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ झाले होते. पण त्यांचं साम्राज्य पुढे हातचं गेलं हे कळल्यावर तेही म्हणाले, "नोंद एकतर्फी वाटते." ठराव झाला. सर्व संबंधितांच्या संमतीने देश बदलून मिळेपर्यंत वही कमिटीच्या ताब्यात राहील.

"काका, एकवीस दिवस राहिलेत," दर्शना म्हणाली. "शेवटचीच वेळ आहे माझी. झेरॉक्सपण नाहीये."

"मग दहा मिनिटांचं काम आहे. देश बदल."

"नाही बदलता येत. दीपकला स्वित्झर्लंड केला तर माझ्या डोक्यात युद्धच सुरू होत नाही."

वही चिंतामणीकाकांच्या लोखंडी कपाटात गेली. आनंदीबाई जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या चेडवाचो पेपर गेलो तर एकेकाक बघतंय. मग मी खंयचो देश आसंय ता कळात तुमका."

त्या रात्रीपासून नव्हे, दुसऱ्या संध्याकाळपासून अठरा नंबरमध्ये रीघ लागली. भिंत पातळ आहे हे सांगितलंच आहे. पहिली कमल आली, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन.

"दर्शना, मला फ्रान्स कर गं. अत्तरं असतात त्यांच्याकडे."

"फ्रान्स झालीस तर दीपकशी पिढीजात वैर लागेल."

"ते नको. पहिलं ताट त्याच्याकडे जातं." आणि लगेच, "पण मी मोबाइलवर वाचलं. ऑस्ट्रियाने अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली होती म्हणे. म्हणजे मी दिली त्याच्यापेक्षा जास्त. आणि राजपुत्र खरंच मेला होता ना? मग राग यायचा नाही?"

"थांब," दर्शना म्हणाली. "हे परत सांग." आणि पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

मग दीपक. त्याने आधी आवाज चढवला, मग म्हणाला की जर्मनीला दोन्ही बाजूंनी शत्रू होते, एकीकडे फ्रान्स, एकीकडे रशिया, अशा वेळी माणूस घाई करणारच. "जवळच्या जिन्यात रघ्या उभा होता. मी काय उडून येणार होतो?" रघुने येऊन सांगितलं की एवढ्या मोठ्या देशाचं सैन्य गोळा करायलाच वेळ लागतो, म्हणून आधी हलावं लागलं, मारामारीचा विचार नव्हता. "उठलंय म्हणजे मारूकच इलंय असा नाय." मनवा रोज येऊन एकच सांगायची, दहातल्या नऊ मागण्या मान्य केल्या होत्या, हे कोणी लिहीत का नाही.

कोणाला इतिहास आवडत होता असं नाही. प्रत्येकाला आपली बाजू मांडायची होती. चाळीत दहावीला इतिहासात पस्तिशी गाठलेली माणसं नळावर १९१४ च्या तारखांवरून हमरीतुमरीवर येत होती. दर्शना ऐकायची आणि सुट्या कागदांवर लिहायची. पण वही ती वही. तेरा वर्षांत तिचं तोंड इतकं उतरलेलं मी बघितलं नव्हतं. गॅलरीत भेटली की माझ्याकडे बघायची. मी चणे दिले तर घ्यायची.

परीक्षेच्या चार दिवस आधी चिंतामणीकाका स्वतः वही घेऊन आले. म्हणाले, "कमिटीने अवलोकन केलं आहे." अवलोकन म्हणजे वही कपाटात राहिलीच नव्हती. ती गुपचूप तेवीस, पंचवीस, पंधरा, तेरा असा प्रवास करून आली होती आणि प्रत्येकाने समासात आपापलं लिहून ठेवलं होतं. कमलने पेन्सिलीने, "सगळा दोष एकट्या ऑस्ट्रियावर टाकू नये." दीपकने मार्करने, "फूस लावली नाही, पाठिंबा दिला. फरक आहे." रघुने फक्त एक शब्द, "विचार करा." आणि प्रत्येक पानावर लाल शाईने चिंतामणीकाका. "ब्रिटनचा हेतू अपुरा नमूद. बेल्जियमच्या तटस्थतेबाबत १८३९ चा करार पाहावा. कुंडीची किंमत हा मुद्दा नाही, शब्दाची किंमत हा मुद्दा आहे."

मला वाटलं आता ही रडणार. ती दारातच उंबऱ्यावर बसली आणि पहिल्या पानापासून वाचत सुटली. आनंदीबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली, हिला ऐकूच गेली नाही.

पेपरच्या दिवशी संध्याकाळी तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. लोकांना पेपर कसा गेला याच्याशी कर्तव्य नव्हतं. दर्शना फाटकातून आत आली आणि वरून कमलने विचारलं, "मी आले का?"

"आलीस."

"आणि मी?" दीपक.

"सगळे आलात. पहिल्या महायुद्धाची जबाबदारी एकाच राष्ट्रावर टाकणं कितपत योग्य, असा प्रश्न होता."

"मग काय लिहिलंस?"

"समास लिहिला," ती म्हणाली. "सगळ्यांचा. शेवटी चिंतामणीकाकांच्या शब्दाच्या किमतीपर्यंत आले तेव्हा शेवटची ओळ उरली होती."

चिंतामणीकाकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

निकालाला पुढे कितीतरी महिने गेले. मुलाखतीच्या यादीत तिचं नाव आलं तेव्हा ती दुकानात होती, अर्धी साडी हातात आणि अर्धी गादीवर. घरी आली तर कमलने जिन्यात औक्षणाचं तबक धरलेलं, आणि शेजारी मनवा, तिच्या हातात तीच गोधडी, धुऊन, पिळून, कोरडी घडी घातलेली. दर्शनाने तिथेच ती घडी उलगडून नीट घातली, सवयीने. अवधूत खारघरहून पेढे घेऊन आला, पेढे वाटून झाल्यावर. तेही बरोबरच म्हणायचं.

गर्दी ओसरली. आम्ही दोघं गॅलरीत राहिलो, ती तिच्या दारात, मी माझ्या. मी पेढा खात सहज म्हटलं, "सगळ्या चाळीला देश दिलेस. पेपरात नेलेस. सतरा नंबर तेवढा विसरलीस. माझ्यावर राग होता की काय?"

"विसरले कुठे?" ती म्हणाली. "सगळ्यात आधी तुम्हांलाच लिहिलं."

"कुठला देश?"

दर्शनाने पेढ्याचा कागद घडी करून माझ्या हातावर ठेवला.

"दादा, तुम्ही देश नाही. तुम्ही तात्कालिक कारण."